गिटार काही तुटेना

सातव्या दणक्याला फरशी फुटली. गिटार तशीच.

धारपांनी ती भिंतीला टेकवून ठेवली, उजवा खांदा चोळला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "मी आता बसतो जरा."

दिनकर धारप म्हणजे मालिकांमधून वीस वर्षं सुनांना छळणारे सासरे. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत सुरमा, गळ्यात चौकड्यांचा रुमाल आणि गालात पान होतं. ते शमीम नावाच्या मुलीच्या वडिलांचं काम करत होते. प्रसंग साधा होता. मुलगी चोरून गिटार वाजवतेय, बाप येतो, गिटार हिसकावतो, फरशीवर आपटतो, गिटारचे दोन तुकडे होतात, मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मध्यंतर होतं. मुलीच्या डोळ्यांत सकाळपासून सात वेळा पाणी येऊन गेलं होतं. गिटार तेवढी ऐकत नव्हती. प्रत्येक दणक्यानंतर तिच्या तारा कितीतरी वेळ गुणगुणत राहायच्या, आणि वाईट म्हणजे सुरात.

"सर, राग थोडा कमी पडतोय," अद्वैत म्हणाला. अद्वैत हा दिग्दर्शक. पुण्याचा, एकतीस वर्षांचा, आणि ज्या काळावर सिनेमा काढत होता त्या काळात बालवाडीतला. "आतून यायला पाहिजे."

"रागानं लाकूड तुटतं का रे?" धारपांनी विचारलं. "भीमाला बोलव."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. खुर्चीच्या पाठीवर कागद चिकटवला होता, 'सल्लागार'. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली, पण तो कागद मी अजून विसरलेले नाही, कारण दिवसभर तो माझ्या साडीला चिकटत होता.

सल्लागार मी का, तर त्या सिनेमातल्या चार मुलींपैकी एक मी होते. मिरजेत ब्याण्णव साली आम्ही चौघींनी रॉक बँड काढला होता. नाव 'काळी चार'. शमीम गिटार वाजवायची आणि गायची. मिशन कंपाउंडमधली एस्तेर चर्चमध्ये ऑर्गन वाजवून हात बसलेली, तिच्याकडे कीबोर्ड. कमल माने शमीमच्या मागे उभी राहून गायची. आणि मी, विभावरी लिमये, लिमये वकिलांची मुलगी, ड्रम बडवायची. ड्रम कॉलेजच्या एनसीसीचे होते. त्यामुळे आमच्या कुठल्याही गाण्यात मध्येच कुणीतरी पंधरा ऑगस्टचं संचलन करतंय असं वाटायचं. आम्ही एकूण नऊ कार्यक्रम केले, त्यातले चार गणपतीत. सिनेमाच्या पोस्टरवर मात्र लिहिलं होतं, 'ज्यांनी महाराष्ट्र हादरवला'. महाराष्ट्राला ते कळलं नव्हतं इतकंच.

गिटार बनवली होती शमीमच्या वडिलांनी. दस्तगीरचाचा सतारी करायचे, त्यांचे वडीलही सतारीच करायचे. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. शमीमनं एका कॅलेंडरवरचं चित्र दाखवलं, त्यावरून त्यांनी मापं काढली. कॅलेंडरवरच्या माणसाचा हात गिटारच्या खालच्या अर्ध्या भागावर होता, तेव्हा तेवढा भाग चाचांनी स्वतःच्या मनानं केला. त्यामुळे तिला खाली जरा सतारीसारखं पोट आलं. वर दांडीच्या टोकाला मोर, कडेनं वेलबुट्टी. आतलं तारांचं काम स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून करून घेतलं. लोक आमची गाणी विसरले, पण ती मोराची गिटार कुणी विसरलं नाही. अद्वैतलाही सिनेमा सुचला तो त्या गिटारचा फोटो बघून.

"मला अस्सल पाहिजे," तो पहिल्या भेटीत म्हणाला होता. "थर्माकोलचं नको. ज्यांनी मूळ गिटार केली त्यांच्याच हातची. चार नग, सारखे. टेकसाठी."

तो निरोप मी चाचांकडे पोचवला. चार नग, सारखे, सिनेमासाठी, एवढाच. टेक कसले ते मी बोलले नाही. चाचांचं वय तेव्हा एकोणऐंशी. ते इतके खूश झाले की त्यांनी सतारीची कामं बाजूला ठेवली. दहा वर्षं वाळवत ठेवलेलं तूनचं लाकूड काढलं, सरस स्वतः शिजवला, आणि साडेतीन महिने खपून चार गिटारी केल्या. पडद्यावर नुसत्या चार मिनिटं दिसायच्यात, असं मी त्यांना दोनदा म्हटलं. ते म्हणाले, "दिसायला चार मिन्टं का असंनात बेटी, वाजणार हायत की."

आता त्या वाजत होत्या खऱ्या.

आठव्या खेपेला धारपांनी ती डोक्यावरून फिरवून आणली. फुटलेल्या फरशीचा एक कपचा उडून कॅमेरावाल्याच्या नडगीला लागला. गिटारच्या मोराचा डोळासुद्धा जागचा हलला नाही. मागे कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. मी पण हसले.

तेवढ्यात दारात चाचा उभे.

चित्रीकरण त्यांच्याच गल्लीत, दोन घरं सोडून एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. मी त्यांना सांगितलं होतं की आज सगळे सांगलीला जाणार. चहावाल्यानं त्यांना खरं सांगितलं. हाफ शर्ट, जाड चष्मा, कानावर पेन्सिल, हातात छोटी पिशवी. सुरमा नाही, रुमाल नाही. पान त्यांनी आयुष्यात खाल्लं नसेल, सतारीवर डाग पडेल म्हणून.

"विभा बेटी," ते म्हणाले, "सूर लावायला आलो. नव्या तारा हायत, हवेनं उतरतात. पोरीनं वाजवली आणि बेसूर लागली तर नाव कुणाचं जाणार?"

मी उठून आडवी गेले. साडीला चिकटलेला कागद माझ्याबरोबर आला. "चाचा, चला आपण चहा घेऊ बाहेर. आत फार गर्दी आहे."

"चहा झाला की माझा. कुठं हाय गिटार?"

गिटार धारपांच्या हातात होती, उलटी, दांडी धरून, कुऱ्हाडीसारखी. चाचांनी ती बघितली. मग फुटलेली फरशी बघितली. मग धारपांचा सुरमा.

"असं धरत न्हाईत ती," ते धारपांना म्हणाले. अगदी सौम्यपणे, शिकाऊ माणसाला सांगावं तसं.

अद्वैत धावत आला. त्याला वाटलं, देवच पावला. "अरे, चाचा! बरं झालं आलात. तुमची गिटार फार स्ट्राँग झालीये हो. तुटतच नाहीये."

"तुटायला केलीच न्हाई ती."

"हो, पण आम्हाला तोडायची आहे ना. सीनच तसा आहे." मग त्यानं मोठ्या उत्साहानं सीन सांगितला. बाप कसा येतो, कसा हिसकावतो, मुलगी कशी कोसळते. सांगताना त्याचेच डोळे भरून आले. तो पोरगा लबाड नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो चाचांना एक चांगली बातमी देतोय.

चाचा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी धारपांकडे बोट केलं. "हे कोण म्हणायचे?"

"शमीमचे वडील," अद्वैत म्हणाला. "म्हणजे सिनेमातले."

"म्हंजे मी."

"नाही, म्हणजे, प्रतीकात्मक. सगळ्या बापांचं प्रतीक."

"सगळ्या बापांचं," चाचांनी मान हलवली. "मग सुरमा एकालाच का?"

धारप खाली बघत रुमाल सोडायला लागले. अद्वैत माझ्याकडे वळला, सल्ल्यासाठी. मी कागद साडीवरून सोडवत होते.

"विभा बेटी," चाचांनी विचारलं, "हे तू सांगितलंस यांना? मी तोडली म्हणून?"

"नाही, चाचा. मी यांना काहीच सांगितलं नाही."

हे मी बोलले ते शंभर टक्के खरं होतं, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच वाक्य तेच असेल.

अद्वैतनं पटकथा लिहायला घेतली तेव्हा मला विचारलं होतं, "ताई, बँड बंद का पडला?" मी म्हटलं, "परिस्थिती." हा शब्द आमच्या घरात फार वापरात होता. त्यात कुणाचंच नाव येत नाही. अद्वैतनं मान डोलावून लिहून घेतलं आणि महिन्याभरानं परिस्थितीला सुरमा लावून आणलं. "मध्यंतराला व्हिलन लागतोच, ताई," तो म्हणाला. पटकथा मी वाचली. एकेचाळिसाव्या पानावर माझे बाबा होते. कोट घातलेले, प्रेमळ, मिश्कील, मुलींच्या पाठीशी उभे. मला ते इतके आवडले की मी ते पान दोनदा वाचलं. अठ्ठावन्नाव्या पानावर दस्तगीरचाचा गिटार फोडत होते. ते मी एकदाच वाचलं, आणि भराभर.

शमीम तेव्हा शारजाला होती, शाळेत संगीत शिकवायची. तिला संमतीचा कागद पाठवला, तिनं न वाचता सही करून परत पाठवला आणि फोनवर म्हणाली, "तू बघितलंस ना? मग झालं. तू वकिलाची पोरगी. फक्त अब्बांना विचारून कर काय ते." मी हो म्हटलं. विचारलं नाही.

"वकीलसाहेब हायत का यात?" चाचांनी अद्वैतला विचारलं.

"आहेत ना. फार गोड कॅरेक्टर आहे."

"काय करतात?"

"मुली पुण्याला स्पर्धेला निघतात ना, तेव्हा सगळा गाव विरोधात असतो. लिमये वकील एकटे उभे राहतात. गाडीपुढे नारळ फोडतात."

चाचांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

"बरंय," ते म्हणाले. "नारळ लवकर फुटतो."

आमची पुण्याची स्पर्धा होती जानेवारी त्र्याण्णवमध्ये. ते दिवस वाईट होते, मुंबईहून रोज दंगलीच्या बातम्या येत होत्या. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी दस्तगीरचाचांना घरी बोलावलं. कधी नव्हे ते पुढच्या खोलीत, सोफ्यावर बसवलं. चहा मी नेला. बाबा आवाज चढवणाऱ्यातले नव्हते. कोर्टातसुद्धा ते कुजबुजायचे आणि जिंकायचे. ते म्हणाले, "दस्तगीरभाई, तुमची शमीम गुणी आहे, प्रश्नच नाही. पण दिवस बघताय तुम्ही. आमच्या मुली तुमच्या मुलीबरोबर गावोगाव हिंडतात, यावरून उद्या कुणी काही बोललं, काही केलं, तर त्रास आधी तुम्हाला होणार. मला तुमची काळजी वाटते म्हणून सांगतो. हे थांबवा. आणि मी सांगितलं म्हणू नका, मुलींना वाईट वाटेल." मी ट्रे घेऊन दारात उभी होते. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

त्या रात्री चाचांनी गिटार जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. शमीमनं आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. आम्ही तिघी तिच्या घरी जाऊन तिची समजूत काढली. सगळ्यांत जास्त मीच काढली. "तुझे अब्बा जुन्या वळणाचे आहेत गं," मी म्हणाले होते. आणि तिला ते पटलं होतं.

तर कारखान्यात आता सगळे माझ्याकडे बघत होते. अद्वैत, धारप, कॅमेरावाला, आणि गुडघ्यात डोकं घालून बसलेली, शमीमचं काम करणारी नटी. दोन वाक्यं पुरली असती. "गिटार यांनी फोडली नाही. बँड माझ्या वडिलांनी बंद केला." अद्वैतला तर ते आवडलंच असतं, सभ्य व्हिलन मिळाला असता फुकटात. मी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर बाबा आले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, सिनेमात आपण आहोत म्हणून रोज फोन करून विचारणारे, "माझं काम कुणाला दिलं गं?"

"चाचा," मी म्हटलं, "सिनेमा आहे हो. सिनेमात असं दाखवावं लागतं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ नाही. दारात ट्रे घेऊन उभी असताना बघितलं होतं तेवढंच.

"लागत असंल," ते म्हणाले.

मग त्यांनी धारपांच्या हातातून गिटार घेतली आणि खाली मांडी घालून बसले. आधी एकेक खुंटी सोडून तारा उतरवल्या. सहाच्या सहा. अद्वैत म्हणाला, "चाचा, तारा राहू द्या, दिसायला बऱ्या दिसतात." चाचा म्हणाले, "ताणलेल्या तारांवर करवत चालवत न्हाईत. मग पुन्हा चढवून देतो." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी दांडी आणि पोट जुळतात तिथं मागच्या बाजूनं एक रेघ मारली. पिशवीतून बारीक करवत काढली आणि सांधा कापायला लागले. करवतीचा आवाज आणि लाकडाचा वास. एका जागी करवत अडकली तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "चांगला बसलाय की सांधा." त्यात कौतुक होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पाऊण भाग कापून झाल्यावर त्यांनी भेगेत मेण भरलं, वरून रंग चोळला, तारा चढवल्या आणि सैलसर ठेवल्या. कापलंय हे मोराच्या बापालासुद्धा कळलं नसतं.

"आता एका दणक्यात जाईल," ते अद्वैतला म्हणाले. "बाकी तिन्ही अशाच करून देतो."

"चाचा, तुम्ही ग्रेट आहात," अद्वैत म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला. खरंच पडला.

"पण आधी एक बघू या. नमुना." चाचांनी गिटार दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं धारपांना देतील. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "विभा बेटी, तू मार."

"मी कशाला?"

"तू सल्लागार हाईस की."

सगळे हसले. चेष्टाच वाटली त्यांना. चाचा हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. माझ्या हातात गिटार देऊन ते दोन पावलं मागं सरकले आणि हातांची घडी घालून उभे राहिले.

मी नाही म्हणू शकले असते. गिटार खाली ठेवता आली असती. अद्वैतचा 'पडद्यामागचं' टिपणारा एक दुसरा कॅमेराही चालू होता, आणि पंधरा जण माझ्याकडे हसतमुखानं बघत होते. चांगल्या घरात वाढलेल्या बाईला हसऱ्या लोकांचा विरस करता येत नाही. मी पदर खोचला, गिटार दांडीला धरून वर उचलली आणि मारली.

एका दणक्यात गेली. अगदी सांध्यावर, स्वच्छ, दोन तुकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धारप म्हणाले, "वा, बाईंच्या हातात जोर आहे." चाचांनी खाली वाकून दोन्ही तुकडे उचलले, तारा गुंडाळल्या, पिशवीत घातल्या.

जाताना ते माझ्याजवळ थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "शमीमला मी काय सांगणार न्हाई. तिला तू सांग. कधीपण सांग."

सिनेमा पुढच्या दिवाळीत आला आणि तिसऱ्या आठवड्यात गेला. समीक्षकांनी लिहिलं की मध्यंतराचा प्रसंग अंगावर येतो. शमीमचा शारजाहून फोन आला. "अब्बा म्हणतायत बघू नकोस, आवाज फार खराब आहे. खरंच का गं?" मी म्हटलं, "हो, आवाजाचं काम नीट नाही झालं." तिनं अब्बांचं ऐकलं. अजून तिनं तो बघितलेला नाही. चाचा जाऊन आता दोन वर्षं झाली. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

बाबांना मी पहिल्याच दिवशी नेलं होतं, सांगलीला, दुपारच्या खेळाला. ते कोट घालून आले होते. स्वतःचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. नारळ एका फटक्यात फुटला आणि थिएटरातल्या अकरा माणसांपैकी चौघांनी टाळ्या वाजवल्या. बाबा अंधारात मान हलवत होते, होकारार्थी. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना ते आठवत होतं. कोर्टात ते साक्षीदाराला पढवायचे, आता सिनेमानं त्यांना पढवलं होतं.

संपल्यावर ते बराच वेळ उठले नाहीत. रुमालानं डोळे टिपले. मी त्यांना धरून बाहेर गाडीपर्यंत आणलं.

"छान केलाय," ते म्हणाले. "सगळं जसंच्या तसं." मग गाडीच्या दाराला धरून उभे राहिले आणि खिन्न झाले. "पण दस्तगीरनं असं करायला नको होतं गं. मी त्याला किती समजावलं होतं."

मी म्हटलं, "हो, बाबा." त्यांना आत बसवलं आणि सीटचा पट्टा लावून दिला.